कॅलो (इंग्रजी शब्द)

कॅलो : वयाने कोवळ्या, जगाचा अनुभव नसलेल्या आणि त्यामुळे विचारांतही अपक्व असलेल्या व्यक्तीसाठी योजले जाणारे इंग्रजी विशेषण. ते प्रामुख्याने तरुणांबाबत वापरतात व त्यात थोडा दोषारोपही असतो. एखाद्या कामात केवळ नवख्या असलेल्या प्रौढ माणसाला ते सहसा लावत नाहीत.

जुन्या इंग्रजीत 'कलु' या रूपात त्याचा अर्थ 'टक्कल पडलेला' किंवा 'उघडाबोडका' एवढाच होता. माणसाच्या डोक्याप्रमाणे झाडझाडोरा नसलेल्या टेकडीलाही तो लागू होई; इंग्लंडमधील हरफर्डशर परगण्यातल्या कॅलो या गावाचे नाव अशाच टेकडीवरून पडले आहे. पुढे १६ व्या व १७ व्या शतकांत पिसे न फुटलेल्या पिल्लासाठी हा शब्द रूढ झाला. जॉन मिल्टन याने १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात अंडी फोडून बाहेर येणाऱ्या पिल्लांचे वर्णन करताना तो याच अर्थाने वापरला आहे. चिमणी, कावळा अशा पक्ष्यांची पिल्ले जवळजवळ उघडी आणि मिटलेल्या डोळ्यांनी जन्मतात व पिसे येईपर्यंत सर्वस्वी आईबापांवर अवलंबून असतात. टकलापासून अननुभवापर्यंतचा हा अर्थप्रवास वरवर विचित्र वाटला, तरी मधला हा टप्पा ध्यानात घेतला की तो अगदी स्वाभाविक ठरतो.

जर्मन व डच भाषांतील 'काल' (टकला) हे या शब्दाचे सख्खे नातलग होत. लॅटिन 'काल्वुस' याचाही अर्थ टकला असाच असल्याने दोन्हींचे मूळ एक असावे असे कोणालाही वाटेल. परंतु जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार लॅटिनमधील आरंभीच्या 'क'च्या जागी इंग्रजीत 'ह' येतो, जसे 'कोर्नु' व 'हॉर्न' किंवा 'केन्टुम' व 'हंड्रेड'. त्यामुळे हे साम्य फसवे मानले जाते आणि त्याऐवजी रशियनमधील 'नग्न' या अर्थाच्या 'गोली' या शब्दाशी नाते जोडले जाते. आयर्लंडमध्ये शॅनन नदीकाठच्या पूरक्षेत्रातील कुरणांना 'कॅलोज' म्हणतात. तो शब्द मात्र आयरिश भाषेतून आलेला असून सर्वस्वी वेगळा आहे.

कीटकशास्त्रात कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, अंगावरचे कवच अजून मऊ व फिकट असलेल्या प्रौढ मुंगीलाही 'कॅलो' ही संज्ञा आहे.