पानावर फवारलेले कॅल्शियम मण्यात का जात नाही?

द्राक्ष बागायतदारांसाठी माहितीपत्रक
माती, पाणी व देठ तपासणी प्रयोगशाळा, नाशिक

पानाच्या देठाच्या तपासणीचा अहवाल हातात पडला की पहिला प्रश्न येतो, "आता काय फवारायचं?" पण काही अन्नद्रव्ये फवारून फारशी उपयोगी पडत नाहीत, काही फक्त ठरावीक दिवसांतच मण्यात जातात, तर काही पानावर पडली तरी वेलीत सगळीकडे पोचतात. हा फरक खताच्या कंपनीमुळे पडत नाही. वेलीत वाहतुकीचे दोन मार्ग आहेत आणि प्रत्येक अन्नद्रव्याचा मार्ग ठरलेला आहे. ते मार्ग माहीत असले की अहवालातले आकडे वाचणे सोपे जाते.

वर जाणारे पाणी

खोडाच्या लाकडात जलवाहिन्या असतात. त्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या आहेत. मुळीने घेतलेले पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजे त्यातून वर जातात. ओढण्याचे काम पान करते. पर्णरंध्रातून वाफ बाहेर पडली की पानातल्या पाण्यावर ताण येतो आणि तो ताण थेट मुळीपर्यंत पोचतो, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण आजही मानले जाते. मुळीने घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे वाफ होऊन जाते. ते वाया गेले असे समजू नका, खनिजे वर आणण्याचे भाडे त्यातूनच फिटते.

वेलीवर पाने नसतानाही पाणी चढते. फळछाटणीनंतर (घडासाठी ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या छाटणीनंतर) काडीच्या टोकातून थेंब गळतात, तो मुळीचा दाब. मुळी क्षार आत ओढते, त्यांच्यामागे पाणी शिरते आणि वर ढकलले जाते. स्टीफन हेल्स यांनी इंग्लंडमध्ये द्राक्षवेलीच्याच छाटलेल्या खुंटाला काचेची नळी जोडून हा दाब मोजला आणि १७२७ मध्ये तो प्रसिद्ध केला. नळीतले पाणी ६ मीटरहून वर चढले होते. त्यामुळे काडी गळताना पाहून घाबरू नका. जमिनीत वाफसा (पुरेशी ओल आणि हवा) असूनही बागेत एकही काडी गळत नसेल, तर मात्र ड्रीपरखालची माती उकरून पांढरी मुळी आहे का ते बघा.

क्षार आत ओढायला मुळीला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी हवा लागते. निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की माती ओली असूनही पाने मलूल आणि पिवळी पडतात ती यामुळेच. तिथे खत वाढवणे ही चूक आहे; आधी चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या. विहिरीचे पाणी खारट असेल तर उलटी अडचण येते, मातीतले क्षारच पाणी धरून ठेवतात. द्राक्षासाठी सिंचनाच्या पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर काळजी नाही. त्याच्या पुढे उत्पादनाला फटका बसू लागतो.

कॅल्शियमचे दिवस मोजके

कॅल्शियम जवळजवळ पूर्णपणे जलवाहिन्यांतूनच फिरते. जिथून पाण्याची वाफ जास्त होते तिकडे ते जाते, म्हणजे मुख्यतः पानांकडे. एकदा पानात बसले की तिथून उठून मण्यात येत नाही. पानांवर कितीही कॅल्शियम फवारले तरी घडाला मिळत नाही, त्याचे कारण हेच. घडावरच बारीक फवारणी झाली तर सालीतून थोडे आत जाते, पण मुख्य पुरवठा मुळीकडूनच व्हावा लागतो.

मणी लहान असताना तोही थोडी वाफ सोडतो, म्हणून तेव्हा त्याला कॅल्शियम मिळते. मण्यात पाणी उतरायला लागले (मणी मऊ आणि गोड होऊ लागला) की जलवाहिन्यांतून मण्याकडे येणारा प्रवाह खूपच कमी होतो आणि पाणी व साखर मुख्यतः रसवाहिन्यांतून, म्हणजे सालीतल्या दुसऱ्या मार्गाने, येऊ लागते. त्या रसात कॅल्शियम नगण्य असते. म्हणजे सेटिंगपासून (फुलातून मणी धरल्यापासून) पाणी उतरेपर्यंतचे दिवसच आपल्या हातात असतात. काढणीच्या तोंडावर टणकपणासाठी केलेला कॅल्शियमचा खर्च आम्हाला पटत नाही.

या दिवसांत कॅल्शियम नायट्रेट ड्रीपमधून थोडे थोडे, अनेक हप्त्यांत द्या. त्यात साधारण १५.५ टक्के नत्र आणि १८.८ टक्के कॅल्शियम असते, म्हणजे १० किलोच्या हप्त्यात दीड किलोहून अधिक नत्रही जाते. ते हिशेबात धरले नाही तर फूट जोर धरते आणि नव्या पानांनीच कॅल्शियम ओढून घेतले जाते. पालाश, मॅग्नेशियम किंवा अमोनियमचा एकदम मोठा डोसही मुळीपाशी कॅल्शियमला अडवतो. ढगाळ, दमट हवेत वाफ कमी होते, त्यामुळे पुरवठाही मंदावतो. अशा वेळी डोस दुप्पट करण्यापेक्षा दाट फुटी विरळ करून घडाभोवती हवा खेळती ठेवणे चांगले.

टाकीत कॅल्शियम नायट्रेटबरोबर १२:६१:००, ००:५२:३४ (ही फॉस्फेटची खते), ००:००:५० किंवा मॅग्नेशियम सल्फेट (ही सल्फेटची) घालू नका. फॉस्फेट आणि सल्फेटशी त्याचा पांढरा साका बनतो आणि ड्रीपर बंद होतात. शंका असेल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात दोन्ही कालवून अर्धा तास ठेवा. गढूळ झाले तर वेगवेगळ्या दिवशी सोडा.

लक्षण कुठल्या पानावर दिसते?

नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम रसवाहिन्यांतूनही फिरतात. तुटवडा पडला की वेल ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला देते, म्हणून आधी जुनी पाने बिघडतात. पालाश कमी असेल तर कडा करपतात, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोह जुन्या पानांतून सहज निघत नाही, त्यामुळे कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे आहे. लोह फवारले की थेंब पडला तिथेच हिरवे होते आणि पुढचे पान पुन्हा पिवळे निघते. जमिनीतून द्यायचे असेल तर सामू (पीएच) ८ च्या आसपास असलेल्या मातीत इडीटीए चिलेट (लोह धरून ठेवणारे संयुग) टिकत नाही, तिथे इडीडीएचए प्रकारचेच घ्या. महाग आहे, पण स्वस्त चिलेट मातीतच अडकून पडते.

साखर कशी फिरते?

सालीच्या आतल्या थरात रसवाहिन्या असतात आणि त्या जिवंत असतात. पान साखर तयार करून तिथे भरते, मागोमाग पाणी शिरते, दाब वाढतो आणि साखर जिथे वापरली जाते त्या दिशेने रस वाहतो. ही दाबाची कल्पना म्युंख यांनी १९३० मध्ये मांडली. साखर घडाकडे जाते तशीच मुळीकडे आणि शेंड्याकडेही जाते. कोवळे पान पूर्ण आकाराच्या निम्म्याजवळ पोचेपर्यंत साखर देत नाही, उलट घेते. त्यामुळे फळछाटणीनंतरचे पहिले काही आठवडे बाग खोड, ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या) आणि मुळीतल्या साठ्यावर चालते. पावसाळ्यात केवडा किंवा तांबेरा या रोगांनी पाने लवकर गळाली तर त्याची किंमत ऑक्टोबरमध्ये मोजावी लागते.

१ ग्रॅम द्राक्ष नीट पिकायला साधारण ८ ते १२ चौरस सेंटीमीटर निरोगी पान लागते. ३०० ग्रॅमचा घड आणि १५० चौरस सेंटीमीटरचे पान धरले तर सुमारे २० पाने झाली. शेजारची बिनघडाची काडीही त्यात हातभार लावते. घड मोजून ठेवा, म्हणजे साखर भरत नाही म्हणून शेवटी पालाश ओतत बसावे लागणार नाही.

गर्डलिंगमध्ये हाच मार्ग आपण मुद्दाम अडवतो. ३ ते ५ मिलिमीटर रुंदीचे सालीचे कडे पूर्ण गोल काढले की साखर खाली मुळीकडे जायची थांबते आणि वर घडाला मिळते. लाकडाला जखम होता कामा नये, कारण जलवाहिन्या तिथे आहेत. सालीचा धाग्याएवढा पूल जरी राहिला तरी परिणाम बराच घटतो. जखम ३ ते ६ आठवड्यांत भरते. तोवर मुळी उपाशी असते, म्हणून पाण्याचा ताण देऊ नका. कमजोर वेलीवर गर्डलिंग करूच नका.

नमुना आणताना

देठ म्हणजे पानात जाणाऱ्या सगळ्या मालाचे नाके, म्हणून आम्ही देठ तपासतो. खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराच्या छाटणीनंतर) ४५ दिवसांनी काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्या. फळछाटणीनंतर पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा घ्या. एका जातीच्या, एका वयाच्या प्लॉटमधून नागमोडी फिरून किमान १०० देठ गोळा करा. पान तोडताक्षणी पाते वेगळे करा, नाहीतर ते देठातले पाणी ओढत राहते आणि आकडे बदलतात. स्वच्छ पाण्यातून झटपट काढा, फार वेळ भिजवू नका, पालाश पाण्यात उतरते. प्लास्टिकच्या पिशवीत देठ कुजतात, कागदी पिशवीत घालून त्याच दिवशी पोचवा. पिशवीवर छाटणीची तारीख, जात, खुंट (कलमाखालच्या मुळांची जात) आणि शेवटची फवारणी कोणती व कधी केली ते लिहा.