मावशी यायच्या आधी हे वाचून घ्या (आई, बाबा आणि दोन्हीकडच्या आज्या, सगळ्यांनी)

नमस्कार आणि आधी मनापासून अभिनंदन! मुलगा असो की मुलगी, घरात आता महिना-दोन महिने कोणाची झोप पूर्ण होणार नाही एवढं नक्की.

बाळ-बाळंतिणीच्या मालिश-आंघोळीसाठी आमच्याकडून मावशी तुमच्या घरी येणार आहेत. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण या पट्ट्यात आमचं हे छोटंसं काम चालतं. मावशी सकाळी साधारण दीड तास असतात, म्हणजे बाकीचे साडेबावीस तास तुमचे तुम्हीच, आणि आम्हाला फोन येतात ते नेमके त्याच वेळातले. दूध पुरत नाहीये वाटतं, रात्रभर रडतंय, सासूबाई म्हणतायत मावशी गुटी का देत नाहीत, असं सगळं. म्हणून एकदाच लिहून काढलं. आम्ही डॉक्टर नाही, पण इथे जे आहे ते बालरोगतज्ज्ञ रोज सांगतात तेच आहे, फक्त तिथे रांगेत बाळ रडत असतं आणि घरी येईपर्यंत निम्मं विसरायला होतं.

मावशी काय करतील

नाळ पडेपर्यंत बाळाला फक्त कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कपड्याने पुसून घ्यायचं. बहुतेक बाळांची नाळ पहिल्या पंधरा दिवसांत आपोआप पडते, तोवर तिला हळद, तेल, राख, पावडर काहीही लावायचं नाही, कोरडी ठेवायची आणि डायपर किंवा लंगोट तिच्या खाली बांधायचा. आजूबाजूची कातडी लाल झाली, पू आला किंवा वास यायला लागला तर मावशींची वाट बघू नका, दवाखान्यात दाखवा.

नाळ पडली आणि डॉक्टर हो म्हणाले की मालिश सुरू. साधं खोबरेल, हात हलका, दहा-पंधरा मिनिटं बास. मोहरीचं तेल आणलं असेल तर ते लोणच्याला वापरा, बाळाच्या कातडीला ते झोंबतं. टाळूवर तेल ठेवायला हरकत नाही पण दाबायचं नाही, आणि टाळू धडधडताना दिसली तर घाबरू नका, ती तशीच असते. पोटभर दूध पाजून लगेच मालिशला देऊ नका, सगळं बाहेर येतं. मावशी निघायच्या वेळी बाळ भुकेलं असतं, तेव्हा पाजा, मस्त झोपतं.

डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचलेली असते तो भाग मावशी चोळणार नाहीत. तिथे महिना-दीड महिन्याने बारीक फोड येतो, कधी पिकून फुटतो आणि शेवटी छोटा व्रण राहतो. लस लागू पडताना असं होतंच, त्याला मलम नाही आणि शेकही नाही.

आता एक गोष्ट अगदी हात जोडून. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर पाणी आधी बादल्यांमध्ये भरून घ्या, गीझर बंद करा, दार-खिडकी उघडून जरा हवा जाऊ द्या आणि मगच बाळ-बाळंतीण आत. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस चक्कर येऊन पडेपर्यंत काही कळतच नाही, आणि आपल्याकडे तर बाळंतिणीला दार लावून बराच वेळ कढत पाण्याने शेकायची पद्धत. कोळशाच्या शेगडीचं पण तेच. गावच्या ओसरीवर, कौलाच्या घरात ते चालून जायचं, वन बीएचकेच्या बंद बेडरूममध्ये नाही चालणार. गॅस गीझर चालूच ठेवा म्हणून कोणी आग्रह धरला तर मावशी त्या दिवशी आंघोळ न घालता निघून येतील, असं आम्हीच त्यांना सांगून ठेवलंय.

मावशी काय करणार नाहीत, कितीही सांगितलं तरी

नाक ओढून धारदार करणं, डोकं दाबून गोल करणं, पायाला धरून उलटं करणं, कणकेच्या गोळ्याने अंगावरची लव काढणं, यातलं काही नाही. लव आपोआप गळते. नॉर्मल डिलिव्हरीत लांबट झालेलं डोकंही हळूहळू नीट होतं.

नाकात, कानात तेल नाही. नाकात टाकलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

छाती पिळणं तर अजिबात नाही. जन्मलेल्या बाळाची छाती जरा सुजल्यासारखी दिसते, कधी थेंबभर दूधही येतं, मुलग्यांनासुद्धा. आईच्या हार्मोन्समुळे होतं ते आणि काही आठवड्यांत जातं, पिळलं की मात्र गळू होतं. मुलींना पहिल्या आठवड्यात लंगोटाला थोडं रक्त लागतं त्याचंही कारण हेच, बघून हबकून जाऊ नका.

काजळ डोळ्यात नाही. विकतच्या काजळात शिसं असू शकतं आणि घरी धरलेलं असलं तरी बोट डोळ्यात जातंच ना. तीट हवीच असेल तर तळपायावर लावा, दृष्ट लागायची असेल तर तिथूनही अडेल.

आणि गुटी. यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून जरा सविस्तर. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ, सुंठ, बदाम, खारीक, सहाणेवर एक एक वेढा उगाळून चाटवायची हे आजीने आणि तिच्या आईने केलंय, त्यांना वाईट वाटणार हे आम्हाला कळतं. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही. सहाण, वाटी, चमचा, हात, पाणी यातून जुलाबाचे जंतू जातात, जायफळाचा वेढा जास्त झाला तर बाळ गुंगीत राहतं आणि घरचे म्हणतात बघा कसं शांत झोपलं! जे बाळ गुंगीत आहे ते दूध ओढत नाही हे कोणाच्या लक्षातच येत नाही. मध तर वर्षभर चाटवायचा नाही, सोन्याच्या अंगठीने पण नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आपल्याला ते पचतात, बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. वरचं पाणीही नाही, मे महिन्यात दुपारी लाईट गेली तरी नाही, दुधातच पाणी असतं.

आजीचा हात थांबवायचा नाहीये, तो फक्त बाळाकडून बाळंतिणीकडे वळवायचाय. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, वरून तूप, यात आजीला पूर्ण सूट. फक्त बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं हे जे सांगतात ते ऐकू नका, तहान लागेल तेवढं प्यायचं.

दूध पुरतंय का?

पुरतंय, बहुतेक वेळा पुरतं. पहिले दोन-तीन दिवस दूध चमचाभरच येतं, घट्ट, पिवळसर, तो चीक असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. सिझर असेल तर नीट दूध उतरायला एखाद दिवस जास्त लागतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, जन्माच्या वजनाच्या ७ टक्के, कधी १० टक्क्यांपर्यंत, आणि दोन आठवड्यांत परत भरून येतं. रडण्यावरून दुधाचा अंदाज बांधू नका, शूवरून बांधा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर बाळाच्या पोटात दूध जातंय. डायपरमध्ये हे मोजता येत नाही म्हणून दिवसा तरी लंगोट वापरा असं आमचं मत, धुवायला कंटाळा येतो ते मान्य.

पाजायचं चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, म्हणजे घरात सतत तेच चालू आहे असं वाटणार आणि तसंच असतं. बाळाने तोंड मोठं उघडून नुसती बोंडी न धरता भोवतीचा काळा भागही घ्यायला हवा. प्रत्येक वेळी डोळ्यात पाणी येण्याइतकं दुखत असेल तर सहन करत बसू नका, पकड चुकतेय, डॉक्टरांना किंवा स्तनपान समुपदेशकांना दाखवा. पावडरचं दूध डॉक्टरांनी सांगितलं तरच. मावशींनी कुठल्या पावडरचं किंवा बाटलीचं नाव सुचवलं तर आम्हाला लगेच कळवा, त्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि आमच्याकडे तर आहेच. डॉक्टर बाळाला रोज ड जीवनसत्त्वाचे थेंब सांगतात, बहुतेक ४०० युनिट, तेवढं मात्र चुकवू नका, आणि मात्रा बाटलीवर बघून, अंदाजाने नाही.

उचकी, शिंका, थोडं दूध टाकणं, कातडी सोलवटणं, पाठीवर निळसर डाग, यासाठी रात्री फोन करायची गरज नाही. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, मग मोहरीसारखी पिवळी पातळ, दर फिडिंगला होते, ते जुलाब नाहीत.

कावीळ बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते आणि दोन आठवड्यांत जाते. पण जन्मानंतर चोवीस तासांच्या आतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त झालं, दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला किंवा शी पांढरट व्हायला लागली, तर थेट दवाखाना. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरवत बसू नका, दवाखान्यातला निळा प्रकाश वेगळा असतो, बाल्कनीतल्या उन्हाने त्याचं काम होत नाही.

रडणं आणि झोप

हे जरा आमच्या बाजूने पण सांगतो. पहिले दोन आठवडे बाळ बहुतेक झोपूनच असतं, येणारे-जाणारे म्हणतात किती गुणी आहे, आणि मग रडणं वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त, खास करून संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं. आमच्या मावशी लागतात त्याच सुमाराला! त्यामुळे "मावशी लागल्या तेव्हापासून रडतंय" हे आम्ही फार ऐकतो. एखाद्या मावशींचा हात जड वाटला तर जरूर सांगा, बदलून देतो, पण संध्याकाळी सातचं रडणं सकाळी दहाच्या मालिशमुळे नसतं. दृष्ट काढायची तर काढा, मीठ-मोहरीचा धूर आणि वावडिंग-ओव्याची धुरी मात्र बाळाच्या खोलीत नको. आधी दूध, मग लंगोट, ढेकर, फार गुंडाळलंय का, एवढं बघा, मग छातीशी घेऊन फिरा. तुमचंच डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. रडणाऱ्या बाळाला कधीही जोरात हलवायचं नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

झोपवायचं पाठीवर, सपाट आणि जरा टणक गादीवर. राईची उशी बारशाला चार तरी येतात, कपाटात ठेवा. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपू नका.

बाळंतिणीचं

सगळे बाळाकडे बघतात. सिझर असेल तर टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत मावशी पोटाला हात लावणार नाहीत, हात-पाय-पाठ तेवढी, तीही विचारूनच. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर ती चोळायला सांगू नका, रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. अंगावरचं जाणं चार-सहा आठवडे कमी कमी होत चालतं, पण तासाभरात पॅड भिजत असेल, ताप असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर उशीर करू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येतं, चिडचिड होते, ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, झोप मिळाली तरी येत नाही, नको नको ते विचार येतात, तर तो आजार आहे, नाटक नाही, आणि त्यावर औषध आहे. टेलि-मानसचा १४४१६ नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.

बाबांसाठी

केंद्र सरकारी नोकरीत बाबांना १५ दिवस रजा आहे, खाजगीत कंपनी देईल तेवढी. म्हणून असतील तेवढ्या दिवसांत पेढे वाटत फिरू नका. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री बाळ उचलून आईजवळ देणं हे तुमचं. पाहुण्यांना हात धुवायला सांगणं आणि पापी घेऊ न देणं पण तुमचंच, कारण सुनेने सांगितलं की वाईटपणा तिच्याकडे जातो. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, हॉस्पिटल कळवतं तरी महापालिकेत खात्री करून घ्या. नाव ठरलं नसेल तर नोंद अडत नाही, नाव वर्षभरात फुकट टाकता येतं, आणि आता शाळेपासून पासपोर्टपर्यंत तोच दाखला मागतात त्यामुळे स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. पुढच्या लसी दीड महिन्याला. आशाताई घरी आल्या तर दारातून परत पाठवू नका, बाळाचं वजन-ताप बघायलाच येतात त्या.

या गोष्टी दिसल्या तर मालिश रद्द, सरळ दवाखाना

दूध ओढत नाही, फार सुस्त आहे, अंग ३८ डिग्रीच्या वर तापलंय किंवा उलट हातपाय-पोट गार पडलंय, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, ओठ निळे, झटके, हिरवी उलटी. अँब्युलन्ससाठी १०८, आई-बाळासाठी १०२. मावशी दारात उभ्या असल्या तरी त्यांना परत पाठवा, त्या दिवसाचे पैसे आम्ही घेत नाही.

आमचे नियम

मावशींना सर्दी-ताप असेल तर त्या येणार नाहीत, दुसऱ्या मिळाल्या तर पाठवू, नाहीतर खाडा धरू. त्या आल्या की आधी साबणाने हात धुतील, अंगठ्या-बांगड्या काढतील, नखं वाढलेली दिसली तर बिनधास्त टोका. आदल्या रात्री तेल, दोन टॉवेल, दुपटं, झबलं, लंगोट एकत्र काढून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ कपाट शोधण्यात जातो आणि बाळ उघडं राहतं. पैसे महिन्याचे, महिना संपल्यावर, आमच्याकडे, मावशींच्या हातात नाही. बारशाला मावशींना साडी द्यायची की नाही हे पूर्ण तुमच्यावर आहे, त्या मागणार नाहीत, मागितली तर आम्हाला सांगा.