उकड्याचा कोंडा कुठे गेला?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक आजी उकड्या तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन नातीला समजावत होत्या, "तुझ्या त्या पाकिटातल्या ब्राऊन राईसपेक्षा हे बरे. अख्खं धान्य." पेजेवर वाढलेल्या मला ते ऐकून बरं वाटलं. पण ते अर्धंच खरं आहे.

उकडा करताना भात सालासकट भिजवतात, उकळतात, वाळवतात आणि मग गिरणीत नेतात. गंमत पहिल्या दोन पायऱ्यांत आहे. पाणी कोंड्यातून गाभ्याकडे मुरतं आणि कोंड्यातलं विरघळणारं बी-१ जीवनसत्त्व सोबत आत नेतं. पुढे उष्णतेने स्टार्चचे कण फुगून एकजीव होतात, दाण्यातल्या बारीक भेगा बुजतात. वाळल्यावर दाणा काचेसारखा टणक होतो. गिरणीत कमी तुटतो आणि वरून घासला तरी आत शिरलेलं बी-१ बरंचसं टिकतं. शिवाय कोंड्यातलं तेल फोडणारं लायपेज हे विकर उष्णतेने निकामी होतं. न उकडता नुसतं टरफल काढलेला तांदूळ लवकर खवट होतो, त्यात या लायपेजचा मोठा हात.

तंतू मात्र विरघळत नाहीत. ते कोंड्यातच राहतात आणि गिरणीत कोंड्याबरोबर जातात. रंगावरही भुलू नये, कारण उकडल्यावर पांढरा दाणासुद्धा पिवळट होतो. लाल जातीचा असेल तर दाण्यावरच्या तांबड्या रेघा, म्हणजे कोंडा, किती उरल्यात ते पाहावं.

  

हे सगळं कळूनही घरात सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळच का शिजतो? उकड्याला वेळ आणि गॅस जास्त लागतो, मुलांना त्याचा वास नको असतो, आणि पाहुण्यांपुढे भात पांढराच हवा. सकाळच्या पेजेची भूक शेतातल्या कामाची होती. ऑफिसात बसून ती कुठून लागणार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं, की कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सावरतात. या कामासाठी त्यांना 1929 चं नोबेल मिळालं. आमच्या गिरणीवाल्याला परवा विचारलं, कोंड्याचं काय करतोस? म्हणाला, "कोंबड्यांना घालतो."