बेतीच्या काठावर रणगाडा का थांबतो

१८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय सैन्याची तुकडी रणगाड्यांसह बेतीला पोचली आणि थांबली. समोर पणजी, मधे सुमारे अर्धा किलोमीटर मांडवी, आणि पूल नव्हताच. नव्या रणगाड्यांच्या बातम्यांत तोफेचा पल्ला ठळक अक्षरांत येतो. गाडी नदीपार जाईल का, हे मात्र वजन ठरवतं, आणि ते वजन बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं.

हिशेब शाळेतलाच आहे. मेडकच्या कारखान्यात बनणारी बीएमपी-२, म्हणजे सैनिकांना आत बसवून नेणारी आपली 'सारथ' ही चिलखती गाडी, सुमारे १४.३ टनांची. तरंगायला तिने १४.३ घनमीटर गोडं पाणी बाजूला सारायला हवं. उन्हाळ्यात बेतीजवळचं पाणी खारं आणि जड असतं, तेव्हा १४ घनमीटरांतच भागतं. पावसाळ्यात मांडवी वरच्या थरात गोडी होते आणि तीच गाडी दीड-दोन सेंटीमीटर जास्त बुडते. तेवढ्याने कुणाचं अडत नाही. अडतं ते पुढे.

गाडीची लांबी ६.७ मीटर, रुंदी ३.१५ मीटर, म्हणजे वरून पाहिलं तर साधारण २१ चौरस मीटर. ढोबळमानाने, एक टन वजन वाढलं की ती जवळजवळ ५ सेंटीमीटर खाली जाते. आता दोन्ही बाजूंना मीटरभर उंचीचा, फक्त १ सेंटीमीटर जाडीचा पोलादी पत्रा चढवा. पोलादाचा असा एक चौरस मीटर ७८.५ किलो भरतो, त्यामुळे एक टन तिथेच संपला. छतावर ड्रोनपासून बचावाची जाळी लावली तर वजन वाढतंच, शिवाय ते वर बसतं आणि पाण्यात गाडी डुलू लागते. अमेरिकेची अशीच गाडी, ब्रॅडली, सुरुवातीला पोहायची. चिलखत वाढत गेलं तसं तिचं पोहणं सुटलं. जुन्या गाडीचं 'आधुनिकीकरण' म्हणजे तिच्यावर नवं सामान लादणं, असं समजणाऱ्यांनी हा पाच सेंटीमीटरांचा हिशेब आधी मांडावा.

पाण्यात उतरण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी असते आणि चूक बहुधा तिथेच होते. तळाच्या निचऱ्याच्या भोकांना बुचं घट्ट बसवायची. मागच्या दारांची रबरी सील बोटाने चाचपायची. तिथे चिकटलेला मूठभर चिखलही पाण्याला वाट देतो. आत शिरलेलं पाणी उपसणारे पंप सुरू करून धार पाहायची. पुढचा लाट अडवणारा पत्रा उभा करायचा, नाहीतर नाकावर चढलेलं पाणी गाडीला खाली दाबतं. पाण्यात तिला वेगळा पंखा नाही, ट्रॅकच, म्हणजे चाकांभोवतीचे साखळीचे पट्टे, वल्ह्यासारखे पाणी मागे लोटतात. वेग ताशी जेमतेम ७ किलोमीटर.

बेतीहून पणजी या वेगाने सव्वाचार मिनिटांची. ओहोटीचा प्रवाह सेकंदाला १ मीटर धरला तर तेवढ्या वेळात गाडी अडीचशे मीटर समुद्राकडे वाहत जाते. फेरीबोटीचा चालक नाक प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवतो ते याचसाठी. इथेही तसंच करायचं, किंवा बाहेर पडायची जागा खालच्या अंगाला हेरून ठेवायची.

खरी परीक्षा बाहेर पडताना. नाक काठाला टेकतं तेव्हा गाडीचा बराच भार अजून पाण्यानेच उचललेला असतो. ट्रॅकवर वजन नाही, मग पकड कुठून येणार? खारफुटीच्या चिखलात ट्रॅक नुसते फिरतात आणि चालकाने गॅस दाबला की स्वतःच खड्डा खणतात. म्हणून पलीकडचा काठ कुणीतरी आधी पायाखाली घालून आलेला असावा लागतो.

खाऱ्या पाण्यातून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी लागते. चाकाच्या हबमधलं ग्रीस बोटावर घेऊन पाहायचं. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर सील गेलं, पाणी आत आहे.

टी-७२ हा रणगाडा सुमारे ४१ टनांचा. तो तरंगत नाही, तळावरून चालतो. हवा आत घेणारी स्नॉर्केलची उभी नळी लावून ५ मीटर खोलीपर्यंत. चालकाला बाहेरचं काही दिसत नाही, तो दिशादर्शक जायरोवर विसंबतो. इंजिन मधेच बंद पडलं तर झाकण उघडून निसटणं जमत नाही. पाच मीटर पाण्यात छतावर पावणेतीन मीटरांचा थर असतो, आणि अर्धा मीटर व्यासाच्या झाकणावर तो सुमारे साडेपाचशे किलोंनी दाबतो. आत पाणी भरू देऊन दाब सारखा झाला, की मगच झाकण उघडतं. जून २०२४ मध्ये लडाखमध्ये श्योक नदीत टी-७२ अडकला, पाणी अचानक वाढलं आणि पाच सैनिक गेले.

चिखलाचं गणित वेगळं. टी-७२ चा ट्रॅक ५८ सेंटीमीटर रुंद आणि साधारण सव्वाचार मीटर जमिनीला टेकलेला. भार भागिला तर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.८३ किलो येतो. मोटारीच्या टायरखाली हा आकडा दोनाच्या वर असतो, म्हणून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावरून उतरलेली मोटार रुतते आणि रणगाडा पुढे जातो. पण ही सरासरी जरा फसवी आहे. भार सगळ्या पट्ट्यावर सारखा पसरत नाही, तो सहा चाकांच्या खाली एकवटतो. मऊ जमिनीत गाडी रुतते ती चाकांखालच्या त्या जास्त दाबामुळे. जड गाडीला रुंद ट्रॅक आणि जास्त चाकं देतात, त्याचं कारण हेच.

पुलांचं पाहू. आपल्याकडचे महामार्गांवरचे पूल ज्या भारांवर तपासतात, त्यात ७० टनांची ट्रॅकवाली गाडी असते. आपल्या अर्जुन रणगाड्याची नवी आवृत्ती सुमारे ६८ टनांची, म्हणजे कागदावर काठोकाठ. लांबच्या पल्ल्याला मात्र ती ट्रेलरवर जाते, आणि तेव्हा ट्रेलरचं वजन त्यात मिळवावं लागतं. गावातल्या ओहोळावरच्या जुन्या साकवाचं तर नावच नको. मग सैन्य स्वतःचा पूल सोबत नेतं. पुण्याजवळ दिघीच्या प्रयोगशाळेत घडलेला 'सर्वत्र' १५ मीटरांचे पाच टप्पे जोडून ७५ मीटरांपर्यंत जातो. मांडवीला तो पुरणार नाही, पण आतल्या नद्यांना, ओढ्यांना पुरतो.

'जोरावर' हा हलका रणगाडा २५ टनांवर बांधला आहे तो या सगळ्यामुळे. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रो यांनी तो जुलै २०२४ मध्ये हजिऱ्यात दाखवला आणि त्याच डिसेंबरात ४,२०० मीटरांहून उंचावर त्याची तोफ डागून पाहिली. १०५ मिलिमीटरची तोफ, टनामागे सुमारे ३० अश्वशक्ती. ७८० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या टी-७२ ला टनामागे १९ मिळते. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहून कमी असते आणि इंजिनाला दम लागतो, तेव्हा हा फरक उपयोगी पडतो. किंमत चिलखतात मोजावी लागते. टी-७२ ची पुढची भिंत जे झेलते ते जोरावरने अंगावर घेऊ नये, त्याने आधी पाहावं, गोळा टाकावा आणि जागा सोडावी, अशी त्याची रीत. म्हणून त्याच्यावरची दूरदर्शी आणि रात्री पाहणारी उपकरणं चिलखताइतकीच मोलाची.