लॅबमधलं लिव्हर: पेशी मिळाल्या, रक्ताचं काय?

लिव्हर कापलं तरी परत वाढतं हे नीट मोजून दाखवलं १९३१ मध्ये, हिगिन्स आणि अँडरसन यांनी. उंदराच्या लिव्हरचा दोन तृतीयांश भाग काढला आणि उरलेलं एक-दोन आठवड्यांत वाढून जवळपास पूर्वीच्या वजनाला आलं. मग एवढं वाढणारं लिव्हर लॅबमध्येच का वाढवता येऊ नये, असं कुणालाही वाटेल.

माणसात लिव्हर ट्रान्सप्लांट सुरू केलं १९६३ ला, अमेरिकेत डेन्व्हरमध्ये, सर्जन थॉमस स्टार्झल यांनी. पहिला पेशंट ३ वर्षांचा मुलगा, रक्तस्राव थांबेना आणि टेबलवरच गेला. ८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून द्यायचं औषध) आलं आणि पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले, पण मग डोनर कमी पडायला लागले. आपल्याकडे तर अजूनही बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट घरातल्याच कुणाच्या लिव्हरचा तुकडा घेऊन होतात, म्हणजे एका आजारासाठी घरातली दोन माणसं ऑपरेशन टेबलवर जातात.

दुसरीकडे १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी कोलॅजनेज नावाचं एन्झाइम वापरून लिव्हरच्या पेशी सुट्या, जिवंत काढायची रीत बसवली. पण या पेशी डिशमध्ये ठेवल्या की थोड्याच दिवसांत आपलं काम विसरतात. १९९८ ला अमेरिकेत क्रिगलर-नज्जार आजाराच्या (यात लिव्हरला बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा घटक, बाहेर टाकता येत नाही) १० वर्षांच्या मुलीला पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतून, ७५० कोटी पेशी दिल्या, बिलिरुबिन बरंच खाली आलं, पण ती पूर्ण बरी नाही झाली.

खरी अडचण पेशी मिळवण्यात नाहीच, त्यांना रक्त पोचवण्यात आहे असं मला वाटतं. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा लांब असलेली पेशी उपाशी मरते, आणि लिव्हर तर दीड किलोचा गोळा, त्याला रक्त दोन बाजूंनी येतं आणि पित्त बाहेर न्यायला वेगळ्या नळ्या. बोस्टनचे जोसेफ व्हॅकांटी स्वतः लहान मुलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटचे सर्जन होते, डोनरची वाट बघत मुलं जाताना त्यांनी पाहिली होती. रॉबर्ट लँगर यांच्याबरोबर विरघळणाऱ्या प्लास्टिकचा सांगाडा करून त्यात पेशी वाढवायची कल्पना त्यांनी पुढे नेली, आणि समुद्रशेवाळाला फुटलेले फाटे बघून सांगाडापण असाच फाटे फुटलेला हवा हे सुचलं असं ते सांगायचे. १९९३ चा त्यांचा टिश्यू इंजिनिअरिंगवरचा लेख आजही या क्षेत्रात पाया मानला जातो.

पुढे लोकांनी विचार केला की निसर्गाने बनवलेला सांगाडाच का वापरू नये! २०१० मध्ये बोस्टनच्याच उयगुन यांच्या टीमने उंदराचं लिव्हर डिटर्जंटने धुऊन सगळ्या पेशी काढून टाकल्या, मागे रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासकट पांढरट सांगाडा राहिला, त्यात नव्या पेशी भरल्या आणि ते दुसऱ्या उंदराला काही तासांसाठी जोडलं. मला हा प्रयोग सगळ्यात सुंदर वाटतो. पण वाहिन्यांना आतलं अस्तर नसलं की रक्त लगेच गोठतं, आणि तिथेच बरीच वर्षं गाडी अडून बसली.

मधल्या काळात जपानच्या यामानाका यांच्या आयपीएस पेशी आल्या, म्हणजे साध्या पेशी मागे नेऊन त्यांच्यापासून कुठल्याही अवयवाच्या पेशी करता येतील अशा (२००६ ला उंदराच्या, २००७ ला माणसाच्या). त्यामुळे २०१३ मध्ये योकोहामाचे ताकानोरी ताकेबे यांनी तीन प्रकारच्या पेशी नुसत्या एकत्र ठेवल्या, त्यांची त्यांनीच मिळून काही मिलिमीटरची लिव्हरची कळी बनवली आणि उंदरात बसवल्यावर ४८ तासांत तिच्या वाहिन्या उंदराच्या रक्ताला जोडल्या गेल्या. म्हणजे सांगाडाच नको, पेशीच आपलं आपण बघतात! एमआयटीच्या संगीता भाटिया यांनी २०१७ मध्ये असंच छोटं बी उंदरात रुजवलं आणि ते ५० पट वाढलं.

पिट्सबर्गच्या एरिक लगास यांनी तर वेगळीच जागा शोधली, लिम्फ नोड, म्हणजे अंगभर असलेल्या छोट्या लसीका गाठी. तिथे रक्तपुरवठा आयताच असतो, पेशी सोडल्या की तिथेच छोटं लिव्हर वाढतं. कुणाला न बसवता आलेल्या डोनर लिव्हरमधून काढलेल्या पेशी २०२४ मध्ये ह्यूस्टनला पहिल्या पेशंटच्या लिम्फ नोडमध्ये सोडल्या, तेही एंडोस्कोपीने, पोट न उघडता.