दगडाखाली फुरसं आहे की नाही?

नवा थरारपट लागला की सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत व्हॉट्सॲपच्या गटागटांत एकच विनवणी फिरते: ‘शेवट सांगू नका हां!’ तिच्यामागे एक पक्का समज आहे. शेवट ठाऊक नसतो म्हणून आपण खिळून बसतो, आणि तो कळला की सिनेमात काही उरत नाही. हा समज बराचसा चुकीचा आहे. तो कसा चुकतो हे सांगायची इच्छा बरेच दिवस मनात आहे, कारण त्यात एक अतिशय देखणं गणित दडलेलं आहे.

सुरुवात थरारपटांचे नामवंत दिग्दर्शक हिचकॉक यांच्यापासून करावी लागते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला १९६२ साली दिलेल्या दीर्घ मुलाखतीत त्यांनी एक उदाहरण दिलं होतं. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारत बसली आहेत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतात, पण ते काही सेकंदांपुरतंच. आता तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकांना आधी दिसू द्या, तो एक वाजता फुटणार हेही कळू द्या आणि भिंतीवर पाऊण वाजलेलं घड्याळ दाखवा. त्याच कंटाळवाण्या गप्पा आता पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षकाला माहिती जास्त आहे, आणि ताणही जास्त आहे. म्हणजे ताण नुसत्या अज्ञानातून येत नाही.

मग कशातून येतो? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. आपल्या कोकणी माणसाला तो समजावून सांगायची गरजच नाही. सड्यावर गवत कापणाऱ्याला, गडग्याचे दगड रचणाऱ्याला विचारा: फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, दिवसा दगडाखाली दडून बसतं, आणि प्रत्येक दगड उचलताना मनात तोच प्रश्न असतो. लंडनच्या प्रयोगात ४५ स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवले. खाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखेल असा झटका, अंदाज बरोबर असो वा चूक. कुठल्या दगडाखाली साप असण्याची शक्यता किती, हे मधूनमधून बदलत होतं. दरम्यान त्यांच्या त्वचेवरचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला जात होता.

झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. साप असण्याची शक्यता ५० टक्के होती, तेव्हा ताण सर्वांत वर गेला. शंभर टक्के खात्रीचा झटका त्यापेक्षा सुसह्य ठरला. शिवाय ज्यांचा ताण या अनिश्चिततेबरोबर नीट वरखाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर आले. ताण हा शरीराने मांडलेला हिशेबच आहे म्हणा ना.

तो हिशेब आता कागदावर मांडू. शक्यता ‘श’ मानली तर अनिश्चितता श × (१ − श) इतकी. श ०.५ असेल तर उत्तर ०.२५. श ०.९ झाली की ०.०९. दोन्ही टोकांना, म्हणजे शून्याला आणि एकाला, उत्तर शून्य. सगळ्यात उंच जागा बरोबर मध्यावर. थरारपटातला खलनायक नायकाच्या तोडीस तोड का लागतो, त्याचं कारण या एका ओळीत आहे. लेचापेचा खलनायक आला की ‘नायक जिंकणार’ या शक्यतेच्या ०.९ वर प्रेक्षक सुरुवातीलाच जाऊन बसतो आणि मग दिग्दर्शकाच्या हातात फारसं काही राहत नाही.

‘हातात राहत नाही’ हे मी शब्दशः म्हणतो आहे. जेफ्री इली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनिका या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली सस्पेन्सची गणिती व्याख्या केली. प्रेक्षकाच्या मनात दर क्षणी एक अंदाज असतो. समजा, नायक वाचेल असं ६० टक्के वाटतं आहे. पुढच्या क्षणी हा अंदाज किती हलू शकतो, त्याचं प्रचरण (आताच्या अंदाजापासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी) म्हणजे सस्पेन्स. मागच्या क्षणापासून तो प्रत्यक्षात किती हलला, ते म्हणजे धक्का. सस्पेन्स पुढे बघतो, धक्का मागे.

दार उघडल्यावर अंदाज ९० वर किंवा ३० वर जाणार असेल, दोन्ही सारख्याच शक्यतेने, तर ६० पासूनचं अंतर दोन्हीकडे ३०. त्याचा वर्ग ९००. दार उघडून अंदाज फक्त ६२ किंवा ५८ होणार असेल तर वर्ग ४. पहिला प्रसंग दुसऱ्याच्या सव्वादोनशे पट! दोन्हीकडे दार तेच, पार्श्वसंगीतही तेच असू शकतं.

इथे एक अट आहे आणि ती मला फार आवडते. शहाणा प्रेक्षक धरला, तर पुढच्या अंदाजांची सरासरी आताच्या अंदाजाइतकीच यायला हवी; नाहीतर त्याने आताच अंदाज बदलला असता. या अटीतून निघतं असं, की सिनेमाभरातल्या सगळ्या हालचालींच्या वर्गांची अपेक्षित बेरीज सुरुवातीलाच ठरते. ६० टक्क्यांपासून निघालात तर ६० × ४० = २४००. त्यातले ९०० त्या दारावर खर्च झाले. उरले किती? अंदाज ९० झाला तर ९० × १० = ९००, ३० झाला तर ३० × ७० = २१००, आणि दोन्हींची सरासरी १५००. हिशेब चोख जुळतो. पटकथाकाराला ही शिल्लक दोन तास पुरवायची असते. म्हणून चांगला थरारपट एकाच प्रसंगात सगळं उधळत नाही. आणि शेवटाकडे प्रेक्षक ९५ टक्क्यांवर पोचला की वर जायला पाचच उरतात, खाली मात्र मोठी दरी. म्हणून शेवटचा ट्विस्ट मोठाच असावा लागतो, आणि तो क्वचितच यावा लागतो.

‘विज्ञानाने सिद्ध केलेला सर्वांत भीतिदायक सिनेमा’ अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यात प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजलेले असतात. त्यांवर भरवसा ठेवू नये. कान टवकारून वाट पाहताना हृदयाची गती बऱ्याचदा कमी होते. दचकल्यावर ती वाढते. नुसते जास्त ठोके मोजून दचकवणारा सिनेमा सापडेल, ताणून धरणारा नव्हे.

दुसरी गोष्ट मालिकांची. कोकणातला जुना वाडा, कंदील, पिंपळ दाखवला की भूत आलंच, असं समीकरण करून ठेवलंय. आमच्या गावांची ही बदनामी मला मनापासून खटकते. काळोखात माणसाची दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया जास्त तीव्र होते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. गंमत म्हणजे निशाचर उंदरांत उलटं घडतं. ते लख्ख उजेडात जास्त दचकतात. रात्री माडाची झावळ पडल्यावर छातीत धस्स होतं, ते देवचारामुळे नाही आणि मुंजामुळेही नाही. दिवसा वावरणाऱ्या प्राण्याचा मेंदू रात्री तसाच वागणार. पोरांना हे सांगा. गंडेदोरे बांधू नका.

आता दशावताराकडे येतो, कारण शेवटाबद्दलच्या समजाला खरं उत्तर तिथे आहे. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्र रात्र नाटक चालतं. आख्यान पुराणातलं, राक्षस मरणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक. तरी पहाटेपर्यंत कुणी उठत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ साली अशाच कोड्यावर प्रयोग केले. वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, हे प्रत्येक वाचकाला माहीत होतं. पण ते होतील की नाही अशी हुरहुर लावणारा मजकूर आधी वाचला, की त्या साध्या वाक्याला ‘बरोबर’ म्हणायला वाचकांना जास्त वेळ लागला. कथेत गुंतलेला मेंदू साठवणीतली माहिती लगेच बाहेर काढत नाही.

आणि दशावतारात याहून अधिक काही घडतं. त्याला लेखी संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी काय करायचं ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. राजाने टाकलेल्या शब्दाला राक्षस काय उत्तर देणार, हे प्रेक्षकांना माहीत नसतं आणि समोरच्या नटालाही नसतं. शेवटाबद्दलची शक्यता एक, म्हणजे तिथली अनिश्चितता शून्य; पुढच्या वाक्याबद्दलची मात्र दर वेळी नव्याने मध्यावर येऊन थांबते.