बँडविड्थचे वाटप : ट्रंक लाइनपासून मोबाइल टॉवरपर्यंत

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर, किंवा आषाढी एकादशीला पंढरपूरच्या वाळवंटात उभे राहिल्यावर मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसतात, पण साधा फोटो जात नाही. सिग्नलची ताकद आणि आपल्या वाट्याला येणारी बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला माहिती वाहून नेण्याची क्षमता, या वेगळ्या गोष्टी आहेत. घडीघडीला बदलणाऱ्या मागणीत ही बँडविड्थ कशी वाटावी, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याची पहिली शास्त्रीय मांडणी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या गणितज्ञाने केली. किती लाइन असल्या म्हणजे किती कॉल परत फिरतील, हे सांगणारे त्याचे सूत्र १९१७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा कॉल चालू असेपर्यंत, दोन्हीकडे शांतता असली तरी, लाइन अडकूनच राहत असे. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे सुचवले की संदेशाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, करून एकच मार्ग अनेकांनी वापरावा. उजनीच्या कालव्याचे आवर्तन आधी ठरवता येते, कारण उसाला पाणी कधी लागेल याचा अंदाज असतो. पॅकेटच्या जाळ्यात असे पाळीपत्रक आखता येत नाही आणि सगळ्यांनी एकदम मागणी केली की रांगा तुंबतात.

ऑक्टोबर १९८६मध्ये नेमके हेच घडले. अमेरिकेतील बर्कलेची प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर, पण त्यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हरवलेली पॅकेट प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यानेच कोंडी वाढत होती. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी मांडलेला उपाय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो : वेग हळूहळू वाढवावा, पॅकेट हरवले की एकदम कमी करावा. वाटप करणारा मध्यवर्ती अधिकारी त्यात कोणीच नव्हता.

पुढे १९९३-९४मध्ये बेलकोर या अमेरिकी टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेतील संशोधकांनी इथरनेटची, म्हणजे एका जागेतील संगणक जोडणाऱ्या जाळ्याची, वाहतूक मोजून दाखवले की तिचे चढउतार सेकंदांत पाहिले तरी आणि तासांत पाहिले तरी तसेच खडबडीत राहतात. केवळ सरासरीवर क्षमता आखण्याचा आधार त्यामुळे डळमळला.

न्याय्य वाटा म्हणजे काय, हा प्रश्न मात्र उरलाच होता. ब्रिटिश गणितज्ञ फ्रँक केली यांच्या १९९८च्या प्रमाणबद्ध न्यायाच्या कल्पनेनुसार, एकाचा वाटा जितक्या टक्क्यांनी वाढतो त्याहून अधिक टक्क्यांनी दुसऱ्याचा घटत असेल, तर तो बदल करू नये. याच धर्तीचा नियम मोबाइल टॉवरमध्ये सर्रास वापरला जातो. ४जीमध्ये हे वाटप दर मिलिसेकंदाला नव्याने होते. त्यामुळे टॉवरजवळच्या माणसाला अधिक वेग मिळतो, पण वाळवंटाच्या टोकाला उभ्या असलेल्या वारकऱ्याचीही पाळी येते.